फोटोतल्या माणसाला नाव असते

आपापल्या घरातल्या भिंतीकडे एकदा नीट बघा. तथागत बुद्धांची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, माता रमाईचा फोटो, काही घरांत जोतिबा-सावित्रीमाईंचा फोटो. त्यांच्या बाजूला किंवा खाली घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. आजा असतो, आजी असते. एखाद्या घरात पणजा असतो. पण पणजाच्या वर कोण? पणजाचा बाप दिसायला कसा होता? त्याची बायको कशी होती, तिच्या कपाळावर गोंदण होते काय, आपल्या थोरल्या लेकीचे नाक तिच्यावर गेले काय? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर नाही. फोटोच नाही, तर उत्तर कुठून येणार?

आम्हाला सांगायचे आहे ते असे, की त्या काळात फोटो निघत नव्हते म्हणून आपल्याकडे फोटो नाही, असे मुळीच नाही. फोटो निघत होते, हजारोंनी निघत होते. आपला जालना जिल्हा ज्या निझामाच्या राज्यात होता, त्या राज्यात तर देशातला सर्वांत नामांकित फोटोग्राफर राहत होता. त्याच्या काचा आजही दिल्लीत जपून ठेवलेल्या आहेत. त्या काचांवर कोण आहे आणि कोण नाही, कोण नावानिशी आहे आणि कोण नावाशिवाय आहे, हे पाहिले की आपल्या भिंतीवरच्या रिकाम्या जागेचा अर्थ कळतो.

काचेवरचा फोटो

फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली, पॅरिस शहरात. पुढच्या दोनचार वर्षांत ती हिंदुस्थानात पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफी शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. म्हणजे १८५७ चे बंड व्हायच्या आधीच आपले मराठी लोक कॅमेरा चालवत होते.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी. आजच्यासारखे बटण दाबले की झाले, असे नव्हते. काचेवर औषधाचा ओला थर द्यायचा, तो वाळायच्या आत काच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या जागेत नेऊन ती धुवायची. गावोगाव फिरणाऱ्या फोटोग्राफरला काचा, औषधे, पाणी आणि अंधार करायला तंबू, असा सगळा संसार बैलगाडीत घालून न्यावा लागे. पुढे १८८० च्या सुमारास कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा हे काम सोपे झाले. काचेवरून कागदावर छाप घ्यायचा, तर त्या कागदाला अंड्यातला पांढरा बलक लावलेला असे. त्या काळचे जुने फोटो तांबूस-पिवळे दिसतात आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात, त्याचे कारण तो कागद फार पातळ असे आणि गुंडाळला जाई.

फोटो घेताना माणसाला काही सेकंद अजिबात हलून चालत नसे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. जुन्या फोटोतली माणसे हसत नाहीत, ताठ बसलेली असतात, त्यात या चिमट्याचाही वाटा आहे. लहान लेकराचा फोटो पुष्कळदा पुसट येई, कारण लेकरू काही स्थिर राहत नसे.

कुटुंबाचे फोटो काढून घ्यायची हौस लोकांमध्ये पसरली ती छोट्या फोटोंमुळे. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याची युक्ती काढली. पत्त्याच्या पानाएवढे हे फोटो स्वस्त पडत. लोक ते एकमेकांना देत, आल्बममध्ये लावत. पण स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त? वकील, सावकार, सरकारी नोकर, व्यापारी यांना. ज्याच्या घरी दोन वेळच्या भाकरीची वानवा, त्याच्यासाठी स्टुडिओचा उंबरठा उंचच होता. पैशाची एक अडचण आणि शिवाशिवीची दुसरी. ज्या माणसाला पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याला स्टुडिओतल्या मखमली खुर्चीवर कोण बसू देणार?

निझामाच्या राज्यातले राजा दीनदयाळ

आता आपल्या भागाकडे येऊ. जालना त्या वेळी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जालना नावाचा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. जालना ही मोठी व्यापारी पेठ. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडे अजून ऐकू येते. गावाशेजारी लष्कराची छावणी होती. पुढे १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धावू लागली. त्या सोन्याच्या पाळण्यात कोण झोपत होते आणि पाळण्याची दोरी कोण ओढत होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या संस्थानाचे फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावात, एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. तिथे १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. हात इतका बसला, की नोकरी मागे पडली आणि फोटो हाच धंदा झाला. १८८० नंतरच्या दशकात ते हैदराबादला आले आणि सहावे निझाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. १८८६ साली सिकंदराबादला आणि १८९६ साली मुंबईला त्यांचा स्टुडिओ निघाला. निझामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. १९०५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ २००६ साली भारतीय टपाल खात्याने तिकीटही काढले.

त्यांच्यानंतर त्या हजारो काचांचे काय झाले असेल? काच ही फुटणारी वस्तू. जुन्या काचा खरवडून खिडक्यांना लावल्याची उदाहरणे जगभर आहेत. पण दीनदयाळ यांच्या वारसांनी पुष्कळ काचा सांभाळल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्याकडून २,८५७ काचा घेतल्या. आज त्या तिथे योग्य थंडाव्यात आणि कोरड्या हवेत ठेवलेल्या आहेत आणि अभ्यासक त्यावर पुस्तके लिहितात.

या काचांवर वाडे आहेत, देवळे-मशिदी आहेत, शिकारी आहेत, लष्कराच्या कवायती आहेत. आणि माणसे आहेत. नवाब आहेत, जहागीरदार आहेत, संस्थानिक आहेत, इंग्रज साहेब आणि त्यांच्या मडमा आहेत. बाप खुर्चीत बसलेला, मुलगा गुडघ्याशी उभा, मागे रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी किंवा नक्षीचे टेबल. असे कुटुंबाचे फोटो म्हणजे त्या काळी घराण्याच्या प्रतिष्ठेची खूणच असे.

यातली एक गोष्ट आमच्या भगिनींना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या काळी मोठ्या घरच्या बायका पडद्यात राहत. परपुरुषापुढे येऊन फोटो कसा काढणार? म्हणून दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादला खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. त्याच्याभोवती उंच भिंती होत्या. आत कामाला बायकाच आणि कारभार पाहायला मिसेस केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई. म्हणजे ज्यांच्या हातात पैसा होता, त्यांच्या बायकांसाठी भिंती बांधून स्टुडिओ उभा राहिला. त्याच वेळी आपल्या पणज्या रानात, रस्त्यावर, खडीवर उघड्या उन्हात राबत होत्या. त्यांना पडदाही नव्हता आणि फोटोही नव्हता.

त्याच स्टुडिओचे दुसरे फोटो

असे म्हटले तरी, या स्टुडिओच्या कॅमेऱ्यापुढे गरीब माणूस कधी आलाच नाही असे नाही. तो आला, पण कसा आला ते बघा.

१८९९-१९०० साली देशात मोठा दुष्काळ पडला. निझामाच्या राज्यात औरंगाबादचा भाग त्यात होरपळून निघाला. सरकारने मदतीची कामे काढली. त्या मदतकार्याचे फोटो दीनदयाळ यांच्याकडून काढून घेण्यात आले. त्यांचा आल्बम व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात गेला आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात औरंगाबाद इथे काढलेला म्हणून नोंद असलेला एक फोटो आहे. तरुण वयाची माणसे ओळीने कॅमेऱ्यापुढे आहेत. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात, हातापायांच्या काड्या झालेल्या. खाली इंग्रजीत मथळा आहे. त्याचा मराठी अर्थ असा, की ‘कृशतेचे नमुने, औरंगाबाद’.

नमुने! ज्वारीचा नमुना असतो, कापसाचा नमुना असतो. इथे माणसांचा नमुना केला. त्या तरुणांची नावे मथळ्यात नाहीत. गाव नाही, बापाचे नाव नाही. ते अंबडचे होते, भोकरदनचे होते, की पैठण-गंगापूरकडचे, काही कळायला मार्ग नाही. कोणत्या जातीचे होते तेही लिहिलेले नाही. पण त्या वेळी आपला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. तेव्हा त्या ओळीत आज जालन्यात राहणाऱ्या एखाद्या घराचा पूर्वज नसेलच, असे कोणी म्हणू शकेल काय? आपल्या खापरपणजाचा एकुलता एक फोटो कदाचित लंडनच्या कपाटात असेल आणि आपल्याला तो ओळखता येणार नाही.

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. खडी फोडली, सुकडी खाल्ली, पाझर तलावाची माती वाहिली. त्या वर्षाची गोष्ट निघाली की अजून डोळ्यांत पाणी येते. आता असा विचार करा, की त्या कामावर कोणी साहेब आला, त्याने तुमच्या आईला उन्हात उभे केले, फोटो घेतला आणि खाली लिहिले, ‘दुष्काळी बाईचा नमुना’. तुम्हाला काय वाटेल?

फोटोग्राफर एकच, राज्य एकच, काळही जवळपास एकच. पण एक माणूस फोटो काढून घेतो आणि दुसऱ्याचा फोटो काढला जातो. पहिला पैसे देतो, कपडे निवडतो, कसे बसायचे ते ठरवतो, फोटो घरी नेतो आणि वंशजांना दाखवतो. दुसऱ्याला कोणी विचारत नाही, त्याच्या हाती प्रत येत नाही, त्याच्या लेकरांना पत्ताही लागत नाही. फोटोच्या इतिहासात गरिबाचे असे झाले.

जातींचे आल्बम

या प्रकाराची सुरुवात आधीच झाली होती. १८५७ च्या बंडानंतर इंग्रज सरकारला या देशातली माणसे ओळखून ठेवायची होती. त्यातून १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले. वॉटसन आणि के हे त्याचे संपादक. त्यात चारशे साठहून अधिक फोटो चिकटवलेले होते. राजे-सरदार त्यात नावानिशी आहेत. बाकीची बहुतेक माणसे मात्र जातीच्या किंवा जमातीच्या नावाने आहेत. फोटोखाली जात आणि शेजारी त्या जातीचा ‘स्वभाव’ लिहिलेला. ही जात कष्टाळू, ती जात लबाड, अमकी चोरटी. याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि आमच्या कितीतरी भटक्या बांधवांच्या कपाळावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. कॅमेरा आणि कायदा एकाच दिशेने चालले होते.

साहेब लोकांच्या कुटुंबांच्या फोटोतही असेच दिसते. साहेब आहे, मडम आहे, मुले आहेत. कडेला घोडा धरलेला मोतद्दार आहे, पंखा ओढणारा आहे, साहेबाचे लेकरू कडेवर घेतलेली आया आहे. अशा कितीतरी फोटोंखाली साहेबाचे नाव असते, लेकराचे असते, क्वचित घोड्याचेसुद्धा असते. आयाच्या खाली लिहिलेले असते ‘आया’.

बेथेलच्या वहीतली नावे

याच्या नेमके उलटे उदाहरण आपल्या जालन्यातच सापडते. मुंबईत १८४३ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८६० नंतरच्या काळात त्यांनी जालन्यात काम सुरू केले. निझामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसले. या गावात आलेली बरीच कुटुंबे मांग समाजातली होती.

तो मार्ग बाबासाहेबांनी पुढे आपल्याला दिलेल्या मार्गापेक्षा वेगळा होता. तो विषय इथे नाही. इथे सांगायचे ते एवढेच, की चर्चमध्ये बाप्तिस्म्याची, लग्नाची, मयताची वही ठेवण्याची रीत असते. त्या वहीत माणसाचे नाव, आई-बापाचे नाव, तारीख असे लिहितात. गावकीच्या दृष्टीने ज्याची ओळख फक्त ‘मांगाचा पोरगा’ एवढीच, त्याचे नाव आई-बापासकट कागदावर येणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. स्कॉटलंडमधल्या या मिशनची कागदपत्रे आज एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहेत.

म्हणजे वहीत नाव आहे, चेहरा नाही. दुष्काळाच्या आल्बममध्ये चेहरा आहे, नाव नाही. दोन्ही एकत्र असते तरच घराण्याचा इतिहास तयार होतो. आणि गोरगरिबांच्या बाबतीत नेमके तेच झाले नाही.

राजगृहातला फोटो

नाव आणि चेहरा एकत्र असले म्हणजे काय होते, हे बघायचे तर बाबासाहेबांच्या कुटुंबाचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. फेब्रुवारी १९३४, मुंबईच्या दादरमधले राजगृह. फोटोत मुलगा यशवंत आहे, बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे. आणि बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. हा फोटो आपल्या हजारो घरांत पोचला आहे. लहान पोरगाही बोट ठेवून सांगतो, ही रमाई, हा यशवंत.

या फोटोनंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो फोटो निघाला नसता तर? निघूनही त्यातल्या माणसांची नावे कोणी नोंदवली नसती तर? मग लक्ष्मीबाई आज ‘एक बाई’ झाल्या असत्या आणि मुकुंद ‘एक मुलगा’. नावे लिहून ठेवली म्हणून नव्वद वर्षांनंतरही ते कुटुंब आपल्यासमोर जसेच्या तसे बसलेले आहे. ज्या समाजाला नमुना म्हणून उभे केले जात होते, त्या समाजातले एक कुटुंब आपल्या घरात, आपल्या कपड्यांत, आपल्या इच्छेने कॅमेऱ्यापुढे बसले, हेही या फोटोचे मोल आहे.

आपल्या पेटीतला खजिना

आपल्या बहुतेक घरांत पहिला फोटो आला तो विसाव्या शतकात, आणि तोही उशिरा. कोणाचा शाळेच्या फॉर्मवरचा, कोणाचा औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात नाव घातले तेव्हाचा. कोणाचा मिलमध्ये किंवा रेल्वेत नोकरी लागली तेव्हा ओळखपत्राला काढलेला. जत्रेत रंगीत पडद्यापुढे, ताजमहालाच्या नाहीतर मोटारीच्या चित्राशेजारी नवरा-बायकोने उभे राहून काढलेला. लग्नातला काळा-पांढरा. हे फोटो शंभर-दीडशे वर्षांचे नाहीत. पण आणखी पन्नास-साठ वर्षांनी तेही शंभर वर्षांचे होतील. तेव्हा आपल्या पणतवंडांच्या हाती काय असावे, हे आज आपल्या हातात आहे.

आणि आज काय चालले आहे? नवे पक्के घर बांधले की जुनी पत्र्याची पेटी भंगारवाल्याकडे जाते. आजीच्या मयतीनंतर तिचे गाठोडे तसेच जाळले जाते. फोटो मागे राहिला तर पोरे विचारतात, “ही कोण?” आणि घरात सांगणारे कोणी उरलेले नसते. ज्या दिवशी सांगणारे शेवटचे माणूस जाते, त्या दिवशी आपल्या घरातला फोटोही त्या लंडनच्या आल्बममधल्या फोटोसारखा होतो. चेहरा राहतो, नाव जाते. फरक एवढाच, की तिथे नाव साहेबाने लिहिले नाही, इथे आपणच लिहिले नाही.

जुन्या नोंदीची किंमत काय असते, हे आपल्या जिल्ह्याने अलीकडेच पाहिले. २०२३ साली अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर निझामकाळातल्या नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. उर्दूतले, मोडीतले जुने कागद वाचायला माणसे शोधावी लागली. आपल्या मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठीही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी किती हेलपाटे पडतात हे आई-बापांना ठाऊक आहे. फोटो हा काही दाखल्यासाठी पुरावा नव्हे. पण ज्या घरात फोटो जपला जातो, त्या घरात दाखला, सात-बारा, पेन्शनचा कागद, जुनी रेशनपत्रिका हेही जपले जाते. सवय एकच आहे.

फोटो जपायचा कसा

आता कामाची गोष्ट. यासाठी पैसा फारसा लागत नाही. घरातल्या लेकी-सुनांनी आणि शाळेतल्या मुलांनी मिळून एका सुटीच्या दिवशी करावे असे हे काम आहे.

पहिली गोष्ट, नावे लिहा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून, कडेला लिहा. बॉलपेनने लिहू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. मागचा कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल, तर फोटो कागदी पाकिटात ठेवा आणि फोटो आत घालण्याआधी पाकिटावर लिहा. डावीकडून उजवीकडे कोण कोण, कुठला फोटो, कोणत्या प्रसंगाचा, अंदाजे कोणते साल. साल आठवत नसेल तर ‘थोरल्या मुलाच्या जन्माआधी’, ‘दुष्काळानंतर’ असे लिहा. त्यावरूनही पुढे साल काढता येते.

दुसरी गोष्ट, बायकांची नावे पूर्ण लिहा. आपल्याकडे ‘रामाची माय’, ‘किसनची बायको’ असे म्हणण्याची सवय. असे लिहिले की बाई पुन्हा नावाशिवाय राहते. तिचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव, सगळे लिहा. यासाठी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. पुरुषांना शेताचे बांध आठवतात, नाती आठवतात ती बायकांना. तिचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले तर आणखी चांगले.

तिसरी गोष्ट, फोटोला लॅमिनेशन करू नका. गरम प्लास्टिक एकदा चिकटले की ते निघत नाही आणि आतला फोटो खराब होतो. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका. चिकट पानांच्या आल्बममध्ये जुने फोटो ठेवू नका. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट त्याची नक्कल काढून घ्या.

चौथी गोष्ट, ऊन आणि ओल यांपासून फोटो दूर ठेवा. जी भिंत पावसाळ्यात ओलावते, तिच्यावर मूळ फोटो लावू नका. मूळ फोटो पेटीत आणि नक्कल भिंतीवर, हे उत्तम. पेटीत कसर लागू नये म्हणून अधूनमधून उघडून बघा. डांबरगोळ्या फोटोला चिकटून ठेवू नका. एखाद्या घरात जुनी काच निघाली, तर ती कडांना धरा, थर असलेल्या बाजूला बोट लावू नका, पाण्याने धुऊ नका, कागदी पाकिटात घालून उभी ठेवा.

पाचवी गोष्ट, नक्कल काढा. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल अगदी सरळ वर धरून फोटोचा फोटो घ्या. मागच्या मजकुराचाही घ्या. तो दोनतीन नातेवाइकांना पाठवून ठेवा. एकाचा मोबाइल हरवला तरी दुसऱ्याकडे राहील. कोणी पुस्तकासाठी, प्रदर्शनासाठी फोटो मागितला तर नक्कल द्या, मूळ फोटो देऊ नका.

हे काम एकट्या घराने करण्यापेक्षा वस्तीने केले तर अधिक होईल. रविवारी वंदनेनंतर विहारात प्रत्येक घराने आपला एक जुना फोटो आणावा. म्हाताऱ्यांनी सांगावे, शिकणाऱ्या मुलांनी एका वहीत लिहावे. एका घरच्या फोटोत दुसऱ्या घरचा आजा उभा असतो, हे अशा वेळी कळते. लग्नातल्या फोटोत मागे उभा असलेला वाजंत्रीवाला, आचारी, पाणी वाढणारी बाई, यांचीही नावे विचारा. साहेबाच्या फोटोत आयाचे नाव नाही म्हणून आपण बोलतो, तर आपल्या फोटोत कोणी नावाशिवाय राहू नये.

निझामाच्या जहागीरदारांच्या काचा दिल्लीत सुरक्षित आहेत. त्यांची काळजी घ्यायला सरकार आहे, अभ्यासक आहेत. आपल्या फोटोंची काळजी घ्यायला आपणच आहोत. ही वही करायला शंभर पानांची एक वही, एक पेन्सिल आणि दोनचार रविवार पुरतात. घरात सांगणारे म्हातारे माणूस आहे तोवर हे काम उरकून घ्या.